चारशे घोड्यांची गाडी आणि दोन घोडे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला, मग नुसता आळस. परवा भाच्याचा फोन आला आणि बोलता बोलता म्हणाला, "मावशी, तू ते टेक्ससच्या घोड्यांचं लिहिणार होतीस, त्याचं काय झालं?" खरंच राहून गेलं होतं. आज लिहून टाकते.

2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. डॅलसच्या उत्तरेला, डेंटन परगण्यात ती राहते. तो सगळा भाग घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. जागोजागी पांढरी कुंपणं आणि आत चरणारे घोडे. आमची नात तेव्हा चौदा वर्षांची. ती जवळच्याच एका तबेल्यात घोडेस्वारी शिकते. तिची स्वतःची एक तपकिरी घोडी आहे, तिच्या मैत्रिणीचा एक काळसर खच्ची घोडा. दीडशे मैलांवर शाळकरी मुलांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा होत्या आणि दोन्ही घोडे तिथे न्यायचे होते. एरवी तबेल्याची गाडी जाते, पण त्या वेळी तिच्यात जागा नव्हती. शेजाऱ्यांनी आपला दोन घोड्यांचा ट्रेलर देऊ केला. जावयांनी आदल्याच वर्षी मोठा पिकअप ट्रक घेतला होता. झालं! ठरलं की आपण सहाजणांनी ट्रकमध्ये बसायचं, मागे घोडे जोडायचे आणि निघायचं.

मी सहज विचारलं, "एवढं ओझं झेपेल ना हो गाडीला?"

"आई, नऊ हजार दोनशे पौंड ओढते ही. आणि जवळजवळ चारशे हॉर्सपॉवर आहे. चारशे घोड्यांना दोन घोडे जड आहेत का?"

सगळे हसले. मीही हसले. पण मागच्या अंगणात तो ट्रेलर उभा होता, त्याच्याकडे बघून मला काही केल्या स्वस्थ वाटेना. त्याचं कारण अमेरिकेत नव्हतं, वाळवा तालुक्यात होतं.

माझं माहेर तिकडचं. 1959 साल असेल, मी तिसरीत होते. गुऱ्हाळाला ऊस चालला होता आणि मी हट्ट करून गाडीबरोबर निघाले होते. ऊस लांब असतो, मोळ्या मागे लोंबत राहतात. त्या दिवशी गड्याने घाईत भर मागे जास्त टाकला. सपाटीला काही जाणवलं नाही. ओढा उतरून पलीकडचा चढ लागला आणि गाडी उलार झाली. हा शब्द आताच्या मुलांना माहीत नसेल. चाकाच्या आसामागे ओझं जास्त झालं की गाडी मागे कलते आणि पुढचं जू वर उचललं जातं. बैल गळ्याखालच्या सापतीने जुवाला बांधलेले. जू वर जातं तसा त्यांचा गळा आवळला जातो. आमच्या गड्याने कोयत्याने सापत्या तोडल्या म्हणून जनावरं वाचली. पण उजवा बैल, चांद्या, पुढे कधी जुवाला लागला नाही. मान तिरकीच राहिली त्याची. वडील गड्याला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बैलात जोर किती ते बघितलंस, भर कुठं बसलाय ते बघितलं नाहीस."

तर त्या चकचकीत ट्रेलरकडे बघून मला चांद्याची मान आठवली. आणि इतिहासाच्या बाईंना एकदा काही आठवलं की त्या गप्प बसत नाहीत, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

तिथे संध्याकाळी वेळच वेळ असतो. नातीने मला टॅबलेट दिला आणि मी वाचायला बसले. पहिला प्रश्न पडला तो हा, की घोड्याला गाडीत घालून न्यायची कल्पना निघाली कधी? आपल्या इतिहासात घोड्यांना काय कमी आहे! पण आपल्याकडे घोड्याने माणूस वाहिला, माणसाने घोडा जमिनीवरून वाहिल्याचं कुठे वाचलेलं आठवेना. समुद्रातून मात्र वाहिला. होर्मुझ आणि एडनहून अरबी घोडे गलबतांत भरून गोवा, भटकळ अशा बंदरांत उतरायचे. फर्नाव नूनिश नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने सोळाव्या शतकात विजयनगरची हकीकत लिहून ठेवली आहे. तो सांगतो की साळुव नरसिंह राजा हजार पर्दावांना तीन या भावाने हे घोडे घ्यायचा, जिवंत असोत वा मेलेले. वाटेत समुद्रात घोडा मेला तर व्यापाऱ्याने नुसती शेपटी आणून दाखवायची, पैसे जिवंत घोड्याइतकेच. मी हे जेवताना सांगितलं तर नात म्हणाली, "आजी, दॅट्स हॉरिबल!" मी म्हटलं, बाळा, वाहतुकीची जोखीम कोणी सोसायची, हा त्यातला मुद्दा आहे. राजा सोसायला तयार होता, कारण त्याला घोड्यांवाचून चालत नव्हतं. घोड्याला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

जमिनीवरची गोष्ट मात्र इंग्लंडातली, आणि मोठी मजेदार.

1836 साल. तिकडे शर्यतीचे घोडे एका मैदानाहून दुसऱ्या मैदानाला चालत जायचे. दिवसाला पंधरा मैलांच्या आसपास, म्हणजे घोडा थकत नाही. डॉनकास्टरला सप्टेंबरात सेंट लेजर ही मोठी शर्यत असते. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या गृहस्थाचा एलिस नावाचा घोडा तिच्यात पळणार होता. पण शर्यतीला आठवडा राहिला तरी एलिस दक्षिणेत गुडवूडलाच, डॉनकास्टरपासून सुमारे अडीचशे मैलांवर! पैजा घेणाऱ्यांनी साधा हिशोब केला. दिवसाला पंधरा मैल, म्हणजे पंधरवड्याहून जास्त लागणार. हा घोडा काही पोचत नाही. त्यांनी एलिसचा भाव पाडला आणि बेंटिंकने त्या पडलेल्या भावात आपले पैसे लावले.

त्याने लंडनच्या एका गाडी बनवणाऱ्याकडून गुपचूप एक बंद गाडी करून घेतली होती. आतून भिंतींना गाद्या, मजबूत चाकं. तिच्यात एलिस आणि सोबतीला ड्रमर नावाचा दुसरा घोडा उभा केला. पुढे सहा घोडे जुंपले, टप्प्याटप्प्याला ते बदलायचे, आणि दिवसाला ऐंशी मैलांच्या वेगाने गाडी निघाली. वाटेत लिचफील्डच्या मैदानावर एलिसला उतरवून पाय मोकळे करायला पळवलं. तिसऱ्या दिवशी डॉनकास्टर. एलिस ताजातवाना, आणि शर्यत त्याने जिंकली.

कल्पना काही पूर्णपणे बेंटिंकची नव्हती. त्याआधी वीस वर्षं, 1816 मध्ये, सॉव्हरिन नावाचा घोडा असाच न्यूमार्केटला नेला होता, तोही पोसलेले बैल प्रदर्शनाला न्यायच्या गाडीत घालून. म्हणजे घोड्याच्या आधी बैल गाडीत बसले! पण तेव्हा तिकडे कोणाचं फार लक्ष गेलं नाही. बोलबाला झाला तो पैजेमुळे.

आणि हा लॉर्ड जॉर्ज बेंटिंक कोण? तर आपल्या लॉर्ड विल्यम बेंटिंकचा सख्खा पुतण्या. ज्याने 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा केला, तो. सातवीला चाळीस वर्षं मी तो कायदा शिकवला, आणि काकांच्या पुतण्याचे उद्योग मला कळले ते टेक्ससमध्ये, सत्तरी उलटल्यावर. असो.

या गोष्टीत माझं लक्ष सहा या आकड्यावर अडकलं. दोन घोडे न्यायला सहा घोडे. आता जावयांच्या गाडीत चारशे. मग चिंता कसली? पण हा 'हॉर्सपॉवर' म्हणजे काय, ते जरा नीट बघायला हवं. जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे माप रुजवलं, कारण त्याला आपलं वाफेचं इंजिन अशा लोकांना विकायचं होतं ज्यांच्याकडे चक्क घोडे कामाला होते. गिऱ्हाईकाला कळेल अशी भाषा हवी. त्याने मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती असं धरलं. म्हणजे हे माप मुळात दुकानदाराच्या तोंडचं. काम किती झपाट्याने होतं, एवढंच ते सांगतं. उतारावर गाडी थांबेल का, भर कुठे बसला आहे, मागचा ट्रेलर वाऱ्याने डोलायला लागला तर काय, यातलं एक अक्षरही त्यात नाही.

ओढण्याचं गणित लोहारांना जास्त कळलेलं होतं. 1914 मध्ये डेट्रॉइटच्या एका लाकूड व्यापाऱ्याला आपली नाव तळ्यावर न्यायची होती. त्याने ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराला सांगितलं, माझ्या फोर्ड मोटारीला जोडता येईल असं काहीतरी करून दे. फ्रूहॉफचा धंदा घोड्यांच्या नालांचा आणि गाड्यांचा. जनावर पाठीवर जेवढं घेतं त्याच्या कितीतरी पट ओढतं, हे त्याला पिढीजात ठाऊक. त्याने मोटारीची मागची बाजू काढून त्यावर टेकणारा ट्रेलर केला. पुढे त्याच्या कंपनीचे ट्रेलर अमेरिकाभर धावले. पाठीवरचं ओझं वेगळं आणि ओढायचं ओझं वेगळं, हे लोहाराचं शहाणपण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पिकअपची गोष्टही साधारण त्याच काळातली. शेतकरी आपल्या मोटारींची मागची बाजू कापून तिथे लाकडी पेटारा बसवत होते. ते बघून फोर्डने 1925 साली कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली मॉडेल टी विकायला काढली, किंमत 281 डॉलर. पुढे या गाड्यांना अर्ध्या टनाची, पाऊण टनाची, एक टनाची अशी नावं पडली. अर्धा टन म्हणजे तिथला अर्धा टन, 1,000 पौंड. एवढं ओझं हौद्यात घेणारी ती हाफ-टन. जावयांची गाडीही हाफ-टनच म्हणवते, पण नाव जुनं राहिलं आणि गाडी बदलली. आता ती जास्त घेते. किती जास्त, ते मात्र प्रत्येक गाडीचं वेगळं. नावावरून काही कळत नाही. आपल्याकडे नाही का, चार आणे गेले तरी 'चार आण्याची अक्कल' राहिली!

आता मुख्य गोष्ट, तो नऊ हजार दोनशेचा आकडा.

ही गाडी एवढे पौंड ओढते, हे कोण ठरवतं? बरीच वर्षं ज्याची त्याची कंपनीच ठरवत होती, आपापल्या पद्धतीने. एकाने आठ हजार म्हटलं की दुसरा साडेआठ म्हणणार. म्हणजे परीक्षा घेणारे तेच, पेपर तपासणारे तेच आणि निकाल लावणारेही तेच. मी शाळेत असं केलं असतं तर सगळा वर्ग पहिला आला असता. शेवटी अमेरिकेतल्या मोटार इंजिनियरांच्या संस्थेने सगळ्यांसाठी एकच परीक्षा ठरवली. 2008 मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. तिचं नाव जे 2807.

परीक्षा वाचण्यासारखी आहे. ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे, तिथून वर जाणारा एक घाट आहे. सुमारे साडेअकरा मैल आणि तीन हजार फुटांच्या आसपास चढ. शंभर अंश फॅरनहाइट उकाडा, गाडीचा एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, आणि साध्या पिकअपने वेग ताशी चाळीस मैलांखाली जाऊ द्यायचा नाही. शिवाय सपाटीवर थांबल्या जागेवरून तीस सेकंदांत ताशी साठ मैल गाठायचे. गाडी ट्रेलरसकट डोलते का, वळणावर ताब्यात राहते का, तेही बघायचं.

परीक्षा ठरली, पण बसायला कोणी तयार होईना! पहिली बसली ती टोयोटाची टंड्रा, 2011 च्या मॉडेलला. तिचे आकडे काही शे पौंडांनी खाली आले. बाकीच्यांना वाटलं, आपण कशाला आपला आकडा कमी करून घ्या? मोठ्या अमेरिकन कंपन्या यायला जवळजवळ 2015 साल उजाडलं. जावयांची गाडी त्यानंतरची, तेव्हा तिचा आकडा परीक्षा देऊन मिळवलेला होता. तेवढं मी मोकळ्या मनाने मान्य केलं.

पण त्या परीक्षेत गाडीत माणसं किती धरतात माहीत आहे? दोन. प्रत्येकी दीडशे पौंडांची. आम्ही निघालो होतो सहाजण.

इथे फ्रूहॉफ लोहार पुन्हा येतो. ट्रेलर नुसता ओढला जात नाही, त्याच्या वजनाचा थोडा भाग पुढच्या दांडीतून गाडीच्या मागच्या टोकावर टेकतो. तो टेकायलाच हवा. एकूण वजनाच्या शेकडा दहा ते पंधरा. कमी टेकला तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही खेचून नेतो. म्हणजे आमची उलार गाडीच की! जास्त टेकला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, सुकाणू आणि ब्रेक ढिले पडतात. हे टेकलेलं वजन ओढण्याच्या खात्यात नाही, पाठीवरच्या ओझ्याच्या खात्यात जमा होतं. माणसं, सामान, सगळं त्याच खात्यात.

आणि त्या खात्याची मर्यादा गाडीवर लिहिलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लहानसं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपुढे जाऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. त्यामागेही इतिहास आहे. टायर फाटून गाड्या उलटल्याचे बरेच अपघात झाले, माणसं गेली, तेव्हा 2000 साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि त्यातून टायर व ओझ्याच्या या लेबलाचे नियम नव्याने ठरले.

मी जावयांना म्हटलं, "तुमचं दार जरा उघडता का?" त्यांनी वर्षभर रोज ते दार उघडलं होतं, पण लेबल वाचलं नव्हतं. आकडा निघाला 1,480.

मग आमचा वर्ग भरला. नात, तिची मैत्रीण, जावई आणि मी. हे खुर्चीवर बसून मुकादमी करत होते. घोड्यांचं वजन कसं काढायचं? तिकडे एक सूत्र वापरतात. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि 330 ने भागायचं. पौंड येतात. घोडी 74 इंच घेर, 68 लांबी, म्हणजे 1,128 पौंड. खच्ची घोडा 76 आणि 70, म्हणजे 1,225. नातीला गणिताचा कंटाळा, पण हे गणित तिने दोनदा केलं, कारण घोडी तिची होती. रिकामा ट्रेलर 3,300, गवत, पाणी वगैरे 350. बेरीज 6,003 पौंड, आपल्या हिशोबाने 2,700 किलोंच्या वर.

"बघा," जावई म्हणाले, "तीन हजारांहून जास्त शिल्लक आहे."

"ती ओढायच्या खात्यात. आता दुसरं खातं काढा."

सहा हजारांचे शेकडा तेरा, 780 पौंड दांडीचे. ट्रकच्या मागे जिथे ट्रेलर जोडतात तिथल्या पट्टीवरही मर्यादा कोरलेली होती. नुसता बॉल लावला तर 5,000 पौंड ट्रेलर आणि 500 पौंड दांडी, आणि भर पुढच्या चाकांवर वाटून देणाऱ्या सळयांचा जोड लावला तरच 9,200 आणि 920. म्हणजे तो जोड हवाच, त्याचे स्वतःचे 90 पौंड. खोगिरं आणि पेट्या हौद्यात, 130. माणसं सहा, मिळून 825. (बायकांची वजनं इथे वेगळी देत नाही.) एकूण 1,825. मर्यादा 1,480.

345 पौंड जास्त. जावई बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी गेल्या महिन्यात सहज घेऊन गेलो असतो."

मला तेव्हा वाईट वाटलं. माणूस हौशी आहे, लेकीसाठी धडपडतो. मी म्हटलं, "नेलंच असतं आणि बहुधा काही झालंही नसतं. आमची गाडीही सपाटीला नीट चालली होती."

हे खुर्चीवरून म्हणाले, "जास्तीचं ओझं कोण ते कळलं. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी." आमचे दोघांचे 275 होत होते. तेवढ्याने भागत नव्हतं, म्हणून लेकीने ठरवलं की ती आपली लहान गाडी काढेल, आम्हाला दोघांना घेईल आणि खोगिरंही तिच्या डिकीत जातील. मग ट्रकच्या पाठीवर राहिले 1,280. नात थोडी हिरमुसली, तिला आम्ही तिच्या शेजारी हवे होतो. पण काही बोलली नाही.

ट्रेलरचीही तपासणी केली. फळ्यांवर रबराच्या चटया असतात, त्या उचलून खाली बघायचं असतं. घोड्यांच्या मुताने लाकूड कुजतं आणि चालत्या गाडीत फळी मोडून घोड्याचा पाय खाली जातो, असे अपघात झालेले आहेत. जावयांनी पेचकस टोचून टोचून बघितलं, फळ्या ठणठणीत होत्या. बॉलचं माप बघितलं. तिथे दोन इंची आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश इंची असे दोन बॉल चालतात. मोठ्या वाटीत लहान बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून बाहेर येतो. आमचा बरोबर होता. ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक ट्रकमधून लागतात का, आणि जोड तुटलाच तर आपोआप लागावेत म्हणून असलेली बॅटरी जिवंत आहे का, तेही पाहिलं. बॅटरी मेलेली होती. नवी आणली.

टायर अगदी नवे दिसत होते, नक्षी खोल. पण टायरवर एका बाजूला चार आकडे असतात. 2000 पासून पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. मी चष्मा पुसून वाकले आणि वाचलं, 3213. म्हणजे 2013 सालचा बत्तिसावा आठवडा. ट्रेलर वर्षात दोनदा निघायचा, बाकी उन्हात उभा, त्यामुळे झिजले नाहीत पण रबर दहा वर्षांचं. बाजूला बारीक भेगाही दिसल्या. जन्मभर पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. शेजारी भला माणूस, त्याने निम्मे पैसे दिले आणि चारही टायर बदलले.

आठवडाभर आधी महामार्गावरच्या ट्रकथांब्यावर वजन करून आणलं. अमेरिकेत 1977 पासून कॅट स्केल नावाचे काटे आहेत, प्रत्येक आसाचं वजन वेगळं छापून देतात. आधी रिकामा ट्रक काट्यावर घेतला, मग घोडे आणि सगळं सामान भरून, सळया न ताणता, पुन्हा. घोडे आत असताना ट्रेलर सोडायचा नसतो, म्हणून हा क्रम. ट्रेलर भरला 6,180 आणि दांडी 810. आमचं कागदावरचं गणित पावणेदोनशे पौंडांनी चुकलं होतं, चटया आणि सुटं चाक आम्ही धरलंच नव्हतं. तरी पाठीवरचं ओझं 1,310, मर्यादेच्या आत. जावयांनी ती चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवली.

शुक्रवारी पहाटे निघालो, ऊन तापायच्या आत. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात आणि रस्ता उजव्या कडेला उतरता असतो, म्हणून जड घोडा डाव्या बाजूला उभा करतात. खच्ची घोडा मुकाट्याने चढला. घोडी दारात अडून राहिली. नात तिच्याजवळ उभी राहिली, दोरी सैल सोडून, काही न बोलता. पाचेक मिनिटांनी घोडीने स्वतःच पाय आत टाकला.

जावयांनी वेग साठच्या वर नेला नाही. आमची गाडी मागे होती. लेक चालवत होती, हे पेंगत होते. मी सगळा वेळ पुढच्या ट्रेलरकडे बघत होते, सरळ चालला आहे ना, डोलत नाही ना. मागच्या दाराच्या वरच्या फटीतून दोन शेपट्या दिसत होत्या. मध्ये एकदा एक मोठा ट्रक शेजारून भरधाव गेला तेव्हा ट्रेलर जरासा हलला आणि लगेच सावरला. लेक म्हणाली, "आई, माझा हात सोड, गिअर नाहीये तो." मी तिचा हात कधी धरला होता, माझं मलाच कळलं नव्हतं.

दोन तासांनी थांबलो. नातीने पाण्याची बादली धरली, घोडीने निम्मी संपवली. मैत्रिणीच्या घोड्याने तोंडही लावलं नाही, तो म्हणे घरचंच पाणी पितो. मग घरून आणलेल्या कॅनमधलं त्याला दिलं. त्या पाण्याचंही वजन आम्ही धरलं होतं, गॅलनला सव्वाआठ पौंड.

स्पर्धेत नात सहावी आली.